मंगल, वय वर्षे नऊ

टेंबरूढाण्याच्या शाळेत चौथीत तेरा मुलं होती आणि त्यांतल्या बारा जणांच्या नावापुढे लाल ठिपका होता. इतके लाल ठिपके तृप्ती ढोबळेने एका वर्गात कधी पाहिले नव्हते. पाट्या बिघडल्या असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि पाच नव्या पाट्या पिशवीत घालून ती पुण्याहून निघाली. परतवाड्यापर्यंत एक बस, तिथून धारणीची दुसरी, आणि पुढचे नऊ किलोमीटर दुधाचे कॅन घेऊन परतणाऱ्या जीपमध्ये.

खरं तर तिला बोलावलं होतं शाळेच्या जांबेकर बाईंनी. बाईंनी पाटीच्या कंपनीकडे तीन तक्रारी केल्या होत्या. पहिल्या दोन्हींना यंत्रानेच परस्पर उत्तर दिलं होतं: पाटी स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसा. तिसरी तक्रार पोस्टकार्डावर आली. त्यावर एवढंच होतं: ‘पुसली. तरी खोटंच बोलते. एकदा येऊन बघा.’

पाटी तृप्तीची होती. म्हणजे तिची आणि कौस्तुभ लाडोळेची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना दोघांनी एका स्पर्धेसाठी ती बनवली होती. समाजावर परिणाम घडवणारा प्रकल्प तयार करा, विषय शिक्षण, मुदत आठ महिने. पहिलं बक्षीस मिळालं, उद्यापर्व फाउंडेशनने प्रकल्प उचलला, आणि आता, तीन वर्षांनी, चारशे शाळांतली मुलं ‘जाणत्या पाटी’वर लिहीत होती. जूनपासून आणखी अकराशे शाळा येणार होत्या.

कल्पना साधी होती. माणूस विचार करू लागला की त्याच्या डोळ्यातली बाहुली रुंदावते. उजेड तोच, अंतर तेच, तरीही. सतरा गुणिले सहा असं विचारलं की साधारण सेकंदाभरात बाहुली मिलिमीटरच्या काही दशांशांनी मोठी होते आणि उत्तर सापडलं की पुन्हा लहान होते. हे शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अडचण होती ती मोजण्याची, कारण उजेडाने बाहुलीत पडणारा फरक याहून कितीतरी मोठा असतो. तृप्तीने पाटीच्या वरच्या कडेला नजरेला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक दिवा आणि तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा बसवला आणि उजेडाचा परिणाम वजा करणारं गणित लिहिलं. ते गणित उत्तम होतं. त्याबद्दल तिला आजही शंका नव्हती.

उरलेला भाग कौस्तुभचा. तास चालू असताना ज्या मुलाची बाहुली सतत ताणलेली राहते, त्याला समजत नाही. जिची शांत, तिला समजतं. नाही समजलं तर शिक्षकाच्या पडद्यावर लाल ठिपका, समजलं तर हिरवा. लाल दिसला की शिक्षक त्या मुलाजवळ जाऊन बसेल. मागच्या बाकावरचं मूल, जे कधी हात वर करत नाही, ते हात वर न करताच दिसेल. अंतिम फेरीत कौस्तुभने हे वाक्य म्हटलं तेव्हा परीक्षकांतल्या एका बाईंनी डोळे पुसले होते.

आणि भिंतीवर मंगल होती. स्पर्धेच्या कार्यशाळेत प्रत्येक गटाला एक काल्पनिक लाभार्थी तयार करायला सांगितलं होतं. तिचं चित्र लावा, स्वभाव लिहा, तिच्याशी समरस व्हा. या दोघांनी मोठ्या कागदावर लिहिलं: मंगल, वय वर्षे नऊ, दुर्गम आदिवासी भाग, लाजाळू, स्वप्न – डॉक्टर. फोटो इंटरनेटवरून घेतला. तिच्या तोंडाशी एक फुगा काढला आणि त्यात लिहिलं, ‘मला प्रश्न विचारायची भीती वाटते.’ आठ महिने कुठलाही प्रश्न आला की दोघं भिंतीकडे बघून विचारायचे, मंगलला हे जमेल का? मंगलला जमायचं. चाचण्या मात्र कर्वेनगरच्या दोन शाळांत झाल्या. मेळघाटात जायला अख्खा दिवस लागतो आणि मुदत जवळ आली होती.

जांबेकर बाई पन्नाशीच्या होत्या, त्याच भागात वाढलेल्या, स्वतः कोरकू. त्यांनी तृप्तीला पाणी दिलं, चहा दिला, आणि नव्या पाट्या पिशवीतून काढूच दिल्या नाहीत.

“आधी बसा मॅडम वर्गात. पाटी बदलून काही होत न्हाई. मी आपसात बदलून पाहिल्या. पोरगं बदललं की ठिपका बदलतो, पाटी बदलून न्हाई.”

तृप्ती मागे भिंतीला टेकून बसली आणि हातातल्या पडद्यावर तिने ठिपक्यांच्या आतलं दृश्य उघडलं. शिक्षकांना फक्त ठिपका दिसतो; तिला प्रत्येक बाहुलीचा आलेख दिसत होता. बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. बसमध्ये बेचाळीस माणसं. सतरा धारणीला उतरली, नऊ चढली. आता किती?

पुढच्या ओळीत रामकली कासदेकर नावाची मुलगी होती. तिचा ठिपका सकाळपासून लाल होता. तिच्या आलेखावर एक उंचवटा आला, ओसरला. मग दुसरा, जरा मोठा. मग तिसरा. मग तिने पाटीवर चौतीस लिहिलं आणि लिहिताना मान वरही केली नाही. उत्तर बरोबर होतं. ठिपका लालच राहिला.

पुढच्या उदाहरणालाही तीन उंचवटे. त्याच्या पुढच्यालाही. तृप्तीने इतर मुलांचे आलेख उघडले. तिथेही तीन-तीन, कुठे ठळक, कुठे एकमेकांत मिसळलेले. हे यंत्राचं बिघडणं नव्हतं. बिघडलेलं यंत्र इतकं नीट बिघडत नाही.

सुट्टीत तिने बाईंना विचारलं. बाईंना त्यात नवल वाटलं नाही.

“घरी कोरकू बोलतात ना ही. तुम्ही मराठीत विचारलं की आधी ते कोरकूत घेतात. आमच्याकडे मोजणी विसाविसानं चालते. बेचाळीस म्हणजे दोन विसा आणि वर दोन. तसं मांडायचं, सोडवायचं, आणि उत्तर पुन्हा मराठीत आणून तुम्हाला द्यायचं. तीन कामं झाली. तुमची पोरं एक करतात.”

“आणि तो एक हिरवा ठिपका?”

“सुखराम? तो खिडकीतून बकऱ्या बघते दिवसभर. तुमची पाटी म्हणते, शाळेत सगळ्यात हुशार तोच.” बाई हसल्या नाहीत. “म्हणलं, पोस्टकार्डावर हे लिहिलं तर कुणी खरं मानणार न्हाई.”

तृप्ती ओट्यावर बसून राहिली. कर्वेनगरची मुलं तिला आठवली. तिथे जवळजवळ प्रत्येकजण शिकवणीला जायचा, आणि शिकवणी शाळेच्या एक धडा पुढे असायची. वर्गात बाई जे शिकवत ते त्यांना आधीच येत होतं. त्यांच्या बाहुल्या शांत होत्या कारण त्या वेळी त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. त्याच मुलांना त्यांच्या शिक्षकांनी हुशार म्हटलं, आणि त्या शांत बाहुल्यांवरून यंत्राला समज म्हणजे काय हे शिकवलं गेलं. मोजलं होतं ते श्रम. बारा लाल ठिपके म्हणजे बारा मुलं श्रम करत होती, आणि तेराव्याच्या बकऱ्या हिरव्या होत्या. हे कळायला एक दिवस पुरला. हा दिवस तीन वर्षांपूर्वी काढायचा होता.

लाल ठिपका बघून शिक्षक नुसता मुलाजवळ जाऊन बसला असता, तरी चूक फार महागात पडली नसती. पण फाउंडेशनने गेल्या वर्षापासून ठिपक्यांची बेरीज करायला सुरुवात केली होती. चौथीच्या अखेरीस ज्याचे लाल जास्त, ते मूल पाचवीपासून हस्तकौशल्य शाखेत. तिथे गणित नाही, विज्ञान नाही, इंग्रजी नाही. ताणमुक्त शिक्षण असं त्याचं नाव होतं. आदिवासी भागात असा बदल करायला ग्रामसभेची संमती लागते. गेल्या वर्षी ग्रामसेवकाने मराठीतली यादी वाचून दाखवली होती आणि अंगठे घेतले होते. तेव्हा गावातली नऊ मुलं गेली.

“तिथं बांबू विणायला शिकवतात,” बाई म्हणाल्या. “माझ्या गावच्या पोराले बांबू विणायला शिकवायला पुण्याहून माणूस येते. पगार घेऊन.”

यंदाची यादी पुढच्या सोमवारी वाचायची होती. बारा नावं. पहिलं रामकलीचं. रामकली त्या वेळी ओट्याच्या टोकाला बसून तृप्तीच्या पाठपिशवीची चेन उघडत-मिटत होती. ती तृप्तीला म्हणाली, डॉक्टरीणबाई व्हायला किती वर्गं लागतात? तृप्तीने तिला सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली, जणू हे फारसं अवघड नाही.

शुक्रवारी पुण्यात फाउंडेशनच्या कचेरीत वार्षिक बैठक होती. तृप्तीने कौस्तुभला आदल्या दिवशीच कंपनीत सगळं दाखवलं. त्याने आलेख पाहिले, बराच वेळ पाहिले. तो मूर्ख नव्हता; दुसऱ्याच उंचवट्याला त्याला कळलं, हे तिने त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. मग तो म्हणाला की पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. भाषेचा वेगळा गट करू. तिने विचारलं, आणि सोमवारी?

“तृप्ती, अकराशे शाळा आहेत. आत्ता आपण चुकलो म्हटलं तर पाटी जाईल. मग पुढची आवृत्तीच नाही. मग त्या मुलीला कोण मदत करणार?”

“कुठल्या मुलीला? नाव सांग.”

त्याने भिंतीकडे पाहिलं. मंगलचा कागद अजून तिथे होता, काचेच्या चौकटीत. पाहुण्यांना दाखवायला उपयोगी पडायचा. तृप्तीने त्या दिवशी प्रथमच तो फुगा नीट वाचला. मंगल मराठीत बोलत होती. अगदी शुद्ध. बोलणारच, तिचं बोलणं कौस्तुभने लिहिलं होतं आणि तृप्तीने तपासलं होतं.

बैठकीत फाउंडेशनचे प्रमुख देवस्थळी यांच्यासमोर नव्या रचनेची पाटी नमुना म्हणून उभी ठेवली होती. तृप्तीने अकरा मिनिटं घेतली. तीन उंचवटे दाखवले, सुखरामच्या बकऱ्या सांगितल्या, शिकवणीचं सांगितलं. यादी थांबवा आणि गेल्या वर्षीच्या नऊ मुलांना परत आणा, एवढंच तिचं मागणं होतं. देवस्थळी मधून मधून मान डोलावत होते. ते वाईट माणूस नव्हते. वाढदिवसाला सगळ्या कर्मचाऱ्यांना स्वतः फोन करायचे. तिचं संपल्यावर त्यांनी तिचं कौतुक केलं. अशी तळमळ हवी, ते म्हणाले. आणि मग त्यांनी पुढचा तक्ता दाखवायला सांगितला. हस्तकौशल्य शाखेत गेलेल्या मुलांचे ठिपके सहा आठवड्यांत हिरवे झाले होते. शंभरातले एक्याण्णव.

“तू म्हणतेस लाल म्हणजे श्रम. बरं, श्रम. नऊ वर्षांच्या मुलाला तिप्पट श्रम करायला लावायचे का आपण? तिथे ती आनंदात आहेत. तुझंच यंत्र सांगतंय.”

“तिथे त्यांना कुणी काही विचारत नाही, सर. म्हणून हिरवे आहेत.”

“हा तुझा अर्थ झाला.”

तृप्ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि तिने आपला आलेखांचा पडदा सगळ्यांकडे वळवला. पाटी बैठकीच्या सुरुवातीपासून चालू होती. देवस्थळींचा आलेख तिथे होता, अकरा मिनिटांचा, ताटासारखा सपाट. ठिपका हिरवागार.

“मी बोलत होते तेवढ्या वेळात तुमची बाहुली एकदाही हलली नाही,” ती म्हणाली. “एकदाही नाही, सर. रामकलीची एका बेरजेला तीनदा हलते.”

मग देवस्थळी मोठ्याने हसले.

“म्हणजे मला सगळं समजलं. पाटीच म्हणतेय.”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. कौस्तुभही हसला, उशिरा, पण हसला. दरवर्षी यादीबरोबर एक प्रमाणपत्र जोडावं लागे, की यंत्र अचूक आहे. दोघा संशोधकांपैकी एकाची सही पुरे. तो कागद फिरत तृप्तीपुढे आला, तिने सही न करता तो पुढे सरकवला. कौस्तुभने खिशातून पेन काढलं. सही करताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ती मात्र त्याच्या डोळ्यांकडेच पाहत होती. त्याच्या बाहुल्या रुंदावल्या होत्या. एवढं एक समाधान घेऊन ती बाहेर पडली, आणि जिना उतरेपर्यंत तेही उरलं नाही. उत्तर माहीत असताना चुकीचं लिहायलाही श्रम पडतात. त्या श्रमांनी रामकलीचं काही भलं होणार नव्हतं.

सोमवारी सकाळी ती पुन्हा टेंबरूढाण्यात होती. ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली होती. साठ-सत्तर माणसं, त्यांत निम्म्याहून जास्त बाया. ग्रामसेवकाने यादीची फाइल आणि शाईचा पॅड टेबलावर मांडून ठेवला होता. ग्रामसभेत पाहुण्याने बोलायला हरकत नव्हती. अडचण वेगळीच निघाली. जांबेकर बाई दारात उभ्या होत्या, हाताची घडी घालून. त्यांना शनिवारी तालुक्याहून नोटीस आली होती: फाउंडेशनच्या कामाविषयी सभेत बोलल्यास निलंबन.

“निवृत्तीला सात वर्षं आहेत, तृप्तीताई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी बोलली तर माझ्या जागी कोण येईल माहीत आहे? कोणीच येणार न्हाई. मग ह्या पोरांशी कोरकूत बोलणारं शाळेत कोणी राहत न्हाई.”

“मग माझं बोलणं यांना कोण सांगणार?”

बाईंनी पहिल्या ओळीत आईजवळ बसलेल्या रामकलीकडे बघितलं आणि भुवई किंचित उचलली. रामकली पाटी काखेत मारून उठली, तृप्तीशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सांगा. लई भराभर नका सांगू.”

ग्रामसेवकाने हरकत घ्यायला तोंड उघडलं. पण नऊ वर्षांच्या मुलीने ग्रामसभेत बोलू नये असं कुठल्याच नियमात नव्हतं, कारण तसा प्रसंग येईल असं नियम करणाऱ्यांना वाटलं नव्हतं.

तृप्तीने सांगायला सुरुवात केली. डोळ्यातल्या काळ्या बाहुलीचं सांगितलं. रामकलीने शेजारच्या आजोबांना उन्हाकडे, मग सावलीकडे बघायला लावलं आणि बाहुली सगळ्यांना दाखवली. हे तृप्तीने सांगितलं नव्हतं. विचार केला की ती मोठी होते, तृप्ती म्हणाली. रामकली थांबली, शब्द शोधला, सांगितला. शहरातल्या शिकवण्यांचं सांगितलं तेव्हा रामकलीने दोनदा उलट विचारलं, शाळेत जातात तर पुन्हा दुसरीकडे कशाला जातात? मग तेही सांगितलं, आणि बायांत हसू फुटलं. तिची पाटी तिच्या हातात चालूच होती. तृप्तीच्या पडद्यावर ठिपका लाल होता, आलेखात उंचवट्यामागून उंचवटा येत होता. तृप्ती वाक्य संपवून थांबायची आणि त्या रेषेकडे बघायची. ज्या मुलीला समजत नाही असं प्रमाणपत्र शुक्रवारी दिलं गेलं, ती बाहुलीचं शास्त्र साठ-सत्तर माणसांना त्यांच्या भाषेत समजावत होती.

शेवटी तृप्तीने चूक कशी झाली ते सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवून आली होती, म्हणून मंगलचंही सांगितलं. आम्ही मंगलसाठी पाटी बनवली, ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला सुचायच्या आत मागच्या ओळीतली एक बाई उठली, कडेवरचं मूल सावरत तिने काहीतरी विचारलं.

“ती विचारते, मंगल कोणत्या गावची?” रामकली म्हणाली. “तिलाही लाल आला का?”

“मंगल नाहीच आहे,” तृप्ती म्हणाली. “आम्ही ती कागदावर काढली होती.”

रामकलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून कॅमेऱ्याची गरज नव्हती. काळी बाहुली रुंदावत गेली आणि तशीच राहिली.

“कागदावरची?”

“हो.”

“अन् आम्ही होतो तरी?”

तृप्ती पुन्हा हो म्हणाली.

रामकली सभेकडे वळली. तृप्तीच्या एका वाक्याचं तिने कितीतरी लांब काही सांगितलं. त्यात काय काय घातलं ते तृप्तीला कळलं नाही आणि तिने नंतरही विचारलं नाही. ती बोलत असताना दारात उभ्या बाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

बोलणं संपलं. ग्रामसेवकाने यादी पुढे सरकवली आणि शाईचा पॅड उघडला. ज्या आजोबांची बाहुली सगळ्यांना दाखवली होती ते गुडघ्यावर हात देऊन उठले, टेबलाशी आले. त्यांनी पॅडचं झाकण शोधलं, पॅडवर ठेवलं, आणि ज्या अंगठ्याचा ठसा गेल्या वर्षी घेतला होता, त्याच अंगठ्याने ते दाबून घट्ट बसवलं.